वाचनालयाचे तास आणि वाचनालयाचा पैसा : तेलीबागेतील रहिवाशांसाठी मार्गदर्शन

वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयाची योग्यता ग्रंथसंख्या, इमारतीचे क्षेत्रफळ आणि सभासदांची यादी यांवरून ठरवण्याची पद्धत रूढ आहे. पण सर्वांत निर्णायक मोजमाप या तिन्हींत येत नाही, आणि ते म्हणजे वाचनालयाचे दार आठवड्यात किती तास, आणि नेमके कोणत्या वेळी, उघडे असते हे. पंधरा हजार ग्रंथ बाळगणारे परंतु संध्याकाळी पाचला कुलूप लागणारे वाचनालय नोकरदाराला, शिकवणीहून सहाला परतणाऱ्या विद्यार्थ्याला आणि संध्याकाळीच थोडी मोकळी होणाऱ्या गृहिणीला जवळजवळ नसल्यासारखेच असते. याउलट हजार-बाराशे निवडक पुस्तकांची एकच खोली रोज ठरल्या वेळी सहा तास उघडी राहिली, तर काही महिन्यांत ती वस्तीच्या दिनक्रमाचा भाग बनते. म्हणून वाचनालय मागणाऱ्या किंवा स्वतः उभारू पाहणाऱ्या नागरिकांनी पहिला प्रश्न इमारतीचा न करता तासांचा करावा, आणि मिळणारा प्रत्येक रुपया त्या तासांकडे कसा वळेल याचा हिशेब आधी मांडावा, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन समजण्यासाठी लेखाशास्त्रातील दोन संज्ञा स्पष्ट असणे आवश्यक आहे. एकदाच करावा लागणारा आणि त्यातून टिकाऊ वस्तू निर्माण होणारा खर्च, उदाहरणार्थ इमारत, कपाटे, टेबले, संगणक, हा अनावर्ती खर्च होय. तर ग्रंथपालाचे वेतन, वीजबिल, वृत्तपत्रे, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती असा दरमहा पुन्हा पुन्हा येणारा खर्च तो आवर्ती खर्च. वाचनालयाचे दार उघडणे ही पूर्णतः आवर्ती खर्चाची बाब आहे, कारण दार उघडायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. परंतु आपल्याकडे लोकप्रतिनिधींचा निधी, कंपन्यांची देणगी आणि सरकारी योजना यांचा ओढा अनावर्ती खर्चाकडे असतो, कारण त्यातून उद्घाटन करता येईल आणि ज्यावर कोनशिला बसवता येईल असे काहीतरी उभे राहते. इमारत बांधली गेली, कपाटे आली, पुस्तके आली, आणि वर्षभरात दाराला कुलूप लागले, ही अवस्था देशभर जी दिसते तिचे मूळ लोकांच्या वाचन-अनास्थेत शोधले जाते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा या दोन खर्चांच्या असमतोलात असते.

तेलीबाग ही लखनौच्या दक्षिण-पूर्व अंगाला, रायबरेली मार्गावर वसलेली वस्ती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. एका बाजूला लष्करी छावणी, जवळच आवास विकास परिषदेची वृंदावन योजना, पुढे 1983 मध्ये स्थापन झालेली संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि त्याच मार्गावर 1996 मधले बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ, अशा परिसरात बदलीवर आलेली लष्करी व वैद्यकीय क्षेत्रातील कुटुंबे, भाड्याच्या खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, निवृत्त सैनिक आणि जुने रहिवासी हे सारे शेजारी नांदतात. बदलीच्या नोकरीमुळे येथे आलेल्या मराठी कुटुंबांचाही यात समावेश होतो. या सर्वांना उपलब्ध असलेली शहरातील जुनी सार्वजनिक ग्रंथालये मात्र शहराच्या जुन्या भागात आहेत : कैसरबागेतील अमीर-उद-दौला सार्वजनिक ग्रंथालय, जे अवधच्या तालुकदारांच्या आश्रयातून वाढले, आणि अमीनाबादेतील गंगाप्रसाद वर्मा स्मारक ग्रंथालय. कैसरबाग मराठी माणसाला अपरिचित नाही, कारण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये सुरू झालेले संगीत महाविद्यालय त्याच परिसरात वाढले; परंतु तेलीबागेहून तेथवर सुमारे दहा किलोमीटरचे अंतर गर्दीच्या रस्त्याने कापून एक कादंबरी बदलून आणणे शाळकरी मुलाला शक्य नाही. विद्यापीठाचे ग्रंथालय जवळ असले तरी ते मुख्यतः तेथील विद्यार्थी व अध्यापकांसाठी आहे. वस्तीचे वाचनालय म्हणजे पायी जाता येईल इतक्या अंतरावरचे वाचनालय, ही व्याख्या येथे काटेकोरपणे लागू करावी लागते.

अशा वस्त्यांमध्ये अलीकडे ‘लायब्ररी’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने रुळला आहे. महिन्याचे शुल्क घेऊन खुर्ची, टेबल, दिवा, पंखा किंवा वातानुकूलन आणि वायफाय देणारी, पाळ्यांमध्ये आसने भाड्याने देणारी खासगी अभ्यासिका म्हणजे लायब्ररी. तिच्यात पुस्तके असलीच तर नावापुरती. या व्यवसायाकडे नाक मुरडण्याचे कारण नाही, उलट त्यातून एक भरवशाचा पुरावा हाती येतो : शांत, उजेडाच्या आणि दीर्घकाळ उघड्या असलेल्या जागेसाठी सामान्य घरांतील तरुण स्वतःच्या खिशातून दरमहा पैसे मोजत आहेत. सार्वजनिक वाचनालयाला मागणी नाही असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हाच पुरावा ठेवावा. ज्यांना ते शुल्क परवडत नाही, आणि ज्यांना परीक्षेच्या पुस्तकापलीकडचे काही वाचायचे आहे, अशांसाठी मात्र त्या अभ्यासिकेत स्थान नसते.

वाचनालयाला पैसा कोणी द्यावा या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली आहेत आणि त्यांतील तीन आजही उपयोगी पडणारी आहेत. इंग्लंडमध्ये 1850 च्या कायद्याने दहा हजारांहून अधिक वस्तीच्या नगरांना, करदात्यांच्या दोन-तृतीयांश मताने, स्थानिक करात पौंडागणिक अर्धा पेनी इतकी अल्प भर घालून वाचनालय चालवण्याची मुभा मिळाली. पण त्या पैशातून जागा व नोकरवर्ग यांचा खर्च करता येई, पुस्तके मात्र विकत घेता येत नसत, ती देणगीतून येतील असे गृहीत होते. 1855 मध्ये मर्यादा एक पेनीपर्यंत वाढली आणि ग्रंथखरेदीही मान्य झाली. या कायद्याची विचित्र वाटणारी रचना प्रत्यक्षात शहाणपणाची होती, कारण पुस्तके देणगीत मिळतात, पगार देणगीत मिळत नाही, हे तिच्यात ओळखले गेले होते. दुसरे उत्तर अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे. त्यांनी इमारतींसाठी पैसा देताना अशी अट घातली की नगराने जागा द्यावी आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्या चालवणुकीसाठी करातून देण्याचे वचन द्यावे. दान घेणाऱ्यावर घातलेली ही अट आज दान देणाऱ्यावर आणि शासनावर घालण्याची वेळ आली आहे : कोणी वस्तीला इमारत देऊ केली, तर ती चालवण्याची वार्षिक तरतूद कोणाच्या अंदाजपत्रकात बसणार, हे लेखी ठरल्याशिवाय ती स्वीकारू नये.

तिसरे उत्तर मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये यांची साखळी उभारली. गावाच्या ग्रंथालयाचा खर्च तीन वाट्यांत विभागलेला असे : गावकऱ्यांनी एक वाटा जमवला की प्रांत पंचायतीने तितकाच आणि राज्याने तितकाच घालायचा. या सूत्रात भिकेचा भाव नाही आणि सारे सरकारवर टाकण्याची वृत्तीही नाही. गावकऱ्यांचा वाटा आधी असल्यामुळे ग्रंथालय त्यांचे राहते, आणि उरलेले दोन वाटे हमखास असल्यामुळे ते बंद पडत नाही. तेलीबागेसारख्या वसाहतीत रहिवाशांचा एक वाटा, महानगरपालिकेचा एक आणि राज्याचा एक, असा प्रस्ताव मांडताना हे सूत्र नाव घेऊन सांगण्यासारखे आहे.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला ग्रंथालय कायद्यांनी दोन प्रकारे हात घातला. पहिला मार्ग ग्रंथालय उपकराचा, म्हणजे घरपट्टीवर ग्रंथालयांसाठी म्हणून राखून ठेवलेली लहानशी अधिभाराची रक्कम. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून आलेल्या मद्रासच्या 1948 च्या कायद्यात तो होता आणि तमिळनाडूत आज घरपट्टीच्या दहा टक्के उपकर ग्रंथालयांसाठी घेतला जातो. कर्नाटकाच्या 1965 च्या आणि केरळच्या 1989 च्या कायद्यांतही उपकराची तरतूद आहे. दुसरा मार्ग अनुदानाचा. महाराष्ट्राने 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम करताना उपकर घेतला नाही. त्याऐवजी लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता देऊन परिरक्षण अनुदान, म्हणजे चालवणुकीसाठीचे वार्षिक साह्य, देण्याची पद्धत स्वीकारली. हजारो ग्रंथालये या पद्धतीत आहेत, आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या व सभासदसंख्येबरोबर ग्रंथालय रोज किती तास उघडे असते हेही पाहिले जाते, ही तिची सर्वांत मोलाची बाजू होय. तिची उणीव अशी की अनुदानाची रक्कम वर्षानुवर्षे गोठून राहते, तिच्यात मोठी वाढ 2012 मध्ये आणि नंतर दशकभराने झाली, आणि मधल्या काळात ग्रंथालय सेवकांनी अत्यल्प वेतनावर दारे उघडी ठेवली. या सर्व कायद्यांपूर्वी, 1945 मध्येच, कोल्हापूर संस्थानाने भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला होता, हे या संदर्भात अभिमानाने नमूद करावे लागते.

उत्तर प्रदेशात 2006 चा ग्रंथालय कायदा आहे, परंतु त्यात उपकराची तरतूद नाही, आणि शासकीय जिल्हा ग्रंथालये माध्यमिक शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. घटनेकडे पाहिले तर आणखी एक बारीक पण परिणामकारक फरक दिसतो : पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये हा विषय नावानिशी आहे, तर नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत तो नावाने नाही, फक्त सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन या व्यापक कलमाखाली तो बसवता येतो. महापालिका कायद्यांतही ग्रंथालय सामान्यतः ऐच्छिक कर्तव्यांत मोडते, म्हणजे पाणी आणि सफाईप्रमाणे ते न पुरवल्यास महापालिकेला जाब विचारता येत नाही. पूर्वी गाव असलेली आणि नंतर शहरात सामावलेली तेलीबागेसारखी वस्ती या फटीत सापडते. म्हणून येथे हक्काच्या भाषेपेक्षा हिशेबाची भाषा अधिक पुढे नेते.

तो हिशेब असा मांडावा. समजा, वाचनालय रोज सहा तास आणि वर्षात 300 दिवस उघडे ठेवायचे आहे. साप्ताहिक सुटीचे 52 दिवस आणि सणांचे 13 दिवस वगळता एवढेच दिवस उरतात. वर्षाचे तास झाले 1,800. दोन सेवकांना दरमहा प्रत्येकी 14,000 रुपये धरले (प्रत्यक्ष आकडा ठरवताना राज्याचे चालू किमान वेतन पाहावे आणि त्याखाली कधीही जाऊ नये), वीज व पाण्याचे 4,000, वृत्तपत्रे व नियतकालिके यांचे 2,500, झाडलोट व किरकोळ दुरुस्तीचे 1,500, तर महिन्याचा आवर्ती खर्च 36,000 आणि वर्षाचा 4,32,000 रुपये होतो. त्याला 1,800 ने भागले की दार उघडे ठेवण्याच्या एका तासाची किंमत 240 रुपये निघते. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, जागेचे भाडे व ग्रंथखरेदी त्यांत धरलेली नाही, आणि प्रत्येक वस्तीने आपापले आकडे त्या जागी घालावेत. परंतु एका तासाची किंमत काढण्याची ही रीत सोडू नये. सभेत “वाचनालयाला मदत करा” असे आवाहन केले की लोक मान डोलावतात, तर “रविवार सकाळचे चार तास वर्षभर उघडे ठेवायला 49,920 रुपये लागतात” असे सांगितले की कोणीतरी हिशेब विचारतो, आणि जो हिशेब विचारतो तोच पुढे वर्गणी देतो.

याच आकड्यांवरून उपकराचे सामर्थ्यही कळते. दरमहा 36,000 रुपये केवळ स्वेच्छेच्या वर्गणीतून उभे करायचे तर महिना 100 रुपये देणारी 360 कुटुंबे सतत, न चुकता, वर्षानुवर्षे लागतील, आणि अशी संख्या टिकवणे उत्साही कार्यकर्त्यांनाही जड जाते. तेच, घरामागे सरासरी 2,000 रुपये घरपट्टी धरून केरळप्रमाणे पाच टक्के उपकर असता, तर घरटी वर्षाला 100 रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठ रुपयांहून कमी, पडले असते आणि 5,000 घरांच्या वसाहतीतून वर्षाला 5 लाख रुपये जमले असते. बारापट हलका भार आणि तरीही अधिक रक्कम, हा सार्वजनिक कराचा गुण कोणत्याही दानशूरतेला गाठता येत नाही. उत्तर प्रदेशाच्या कायद्यात उपकराची दुरुस्ती व्हावी ही मागणी म्हणून सातत्याने मांडत राहावी. तिच्या जोडीला, वसूल झालेला उपकर ठरावीक मुदतीत ग्रंथालयांच्या खात्यात जमा झालाच पाहिजे, असे कलमही मागावे. कर्नाटकात महापालिकांनी वसूल केलेला हा पैसा ग्रंथालय खात्याला न देता थकवल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत.

कायदा बदलेपर्यंत पैसा अनेक ठिकाणांहून आणावा लागतो, आणि कोणता पैसा कशासाठी चालतो हे माहीत नसल्यास अर्ज वाया जातात. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना, जी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाली आणि जिच्यात प्रत्येक खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. तिच्यातून खोली बांधता येते, पगार देता येत नाही. कोलकात्यातील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, 1972 मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था, राज्याच्या वाट्याशी जोडलेल्या आणि न जोडलेल्या अशा दोन प्रकारच्या योजनांतून साह्य देते, त्यांचाही रोख ग्रंथ, कपाटे, इमारत आणि उपकरणे यांवर आहे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचे तसे नाही. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये उभारणे हे काम स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे, आणि प्रकल्पाचा भाग म्हणून सेवकांचे वेतनही त्यात दाखवता येते; मात्र चालू प्रकल्प सुरू झालेले वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षेच चालतो. त्यामुळे हा पैसा घेतानाच चौथ्या वर्षानंतरचे वेतन कोठून येईल याची सोय करावी, नाहीतर तीन-चार वर्षे लोकांना सवय लावून दार बंद करण्याची पाळी येते, आणि ते मुळात न उघडण्यापेक्षा वाईट.

यांपैकी बहुतेक दारांवर जाण्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. उत्तर प्रदेशात या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ही बाब महाराष्ट्रातून आलेल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात अनेकदा राहत नाही आणि नूतनीकरण चुकलेली संस्था अनुदानाला अपात्र ठरते. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळावी यासाठी कलम 80 जी खालील मान्यता, आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठी सीएसआर-1 हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक, ही कागदपत्रे पहिल्या वर्षातच पूर्ण करावीत. हिशेब लिहिताना एक चूक कटाक्षाने टाळावी : सभासदाकडून घेतलेली अनामत, म्हणजे सभासदत्व सोडताना परत करायची रक्कम, हे उत्पन्न नव्हे, ते देणे आहे, आणि ती वेगळ्या खात्यात ठेवावी. अडचणीच्या महिन्यात अनामतीला हात लावलेली वाचनालये पुढे सभासदांच्या विश्वासाला मुकतात. देणगीदारांसाठी स्थायी निधीचा पर्यायही ठेवावा, ज्यात मूळ रक्कम ठेव म्हणून राहते आणि फक्त व्याज खर्च होते. वर सांगितलेले रविवारचे तास साडेसहा टक्के व्याजाने कायमचे निभवायला 7,68,000 रुपयांची ठेव पुरते. आई-वडिलांच्या स्मरणार्थ कपाट देणाऱ्या कुटुंबांना चार-पाच जणांनी मिळून वर्षभराचा रविवार देण्याची कल्पना सुचवावी.

अशा प्रयत्नांचे उदाहरण दूर नाही. लखनौजवळच्या हरदोई जिल्ह्यात बांसा नावाच्या गावात 2020 च्या अखेरीस लोकवर्गणीतून एक सामुदायिक ग्रंथालय सुरू झाले, गावातील मंदिराची जागा त्याला मिळाली आणि वाचकांसाठी ते विनामूल्य ठेवण्यात आले. मंदिर, गुरुद्वारा, सामुदायिक सभागृह किंवा शाळेची सायंकाळी रिकामी असलेली खोली यांपैकी एखादी जागा बिनभाड्याने मिळाली, तर खर्चातील सर्वांत अनिश्चित बाब नाहीशी होते. फक्त वापराचा लेखी करार किमान पाच वर्षांचा असावा आणि सर्व जातिधर्मांच्या वाचकांना मुक्त प्रवेशाची अट त्यात स्पष्ट असावी. वाचकाकडून शुल्क घ्यावे की नाही हा प्रश्न येथेच येतो. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा, जो 1949 मध्ये प्रथम निघाला आणि 2022 मध्ये शेवटचा सुधारला गेला, सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी असे सांगतो. महाराष्ट्रात वर्गणीची परंपरा दीर्घ आहे आणि तिने ग्रंथालये जगवली हेही खरे. तथापि वाचनकक्षात बसून वाचणे सर्वांना विनामूल्य आणि पुस्तक घरी नेण्यासाठी अल्प वर्गणी, तीही मुलांना माफ, ही विभागणी तेलीबागेसारख्या मिश्र वस्तीला अधिक न्याय्य ठरेल.

आता वेळापत्रकाकडे वळावे. त्याचा निर्णय कार्यकारी मंडळाच्या सोयीने न करता नोंदीवरून करावा : पहिले दोन आठवडे दारातल्या वहीत प्रत्येक तासाला आत असलेल्या माणसांची संख्या लिहावी, स्त्रिया, मुले व ज्येष्ठ यांची वेगळी, आणि ज्या वेळी दार बंद होते त्या वेळी किती जण येऊन परतले हेही शेजारच्या दुकानदाराच्या मदतीने नोंदवावे. सहा तास एकाच पाळीत देण्यापेक्षा सकाळी दोन आणि संध्याकाळी चार अशी विभागणी बहुधा अधिक लोकांना गाठते. लखनौच्या हवामानाचा विचार अपरिहार्य आहे. मे-जूनमध्ये दुपारी लू वाहत असताना कोणी घराबाहेर पडत नाही, म्हणून सकाळची पाळी सातला सुरू करावी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तीच साडेनऊला न्यावी. अशी ऋतुमानाची दोनच वेळापत्रके ठेवावीत, त्यांच्या तारखा वर्षाच्या आरंभी जाहीर कराव्यात आणि मध्ये बदल करू नये, कारण दोनदा बंद दारावरून परतलेला वाचक तिसऱ्यांदा येत नाही. साप्ताहिक सुटी रविवारी कधीही देऊ नये. ती सोमवारी किंवा मंगळवारी द्यावी. न्यूयॉर्क शहराच्या अंदाजपत्रकात नोव्हेंबर 2023 मध्ये कपात झाली तेव्हा तेथील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांनी सर्वप्रथम रविवारची सेवा बंद केली, आणि त्याविरुद्ध नागरिकांनी उठवलेल्या आवाजानंतर जून 2024 मध्ये तो निधी परत द्यावा लागला. रविवार हा वाचकांचा दिवस आहे हे त्या प्रसंगातून पुरेसे सिद्ध झाले.

थोड्या पैशात तास वाढवण्याचा एक उपाय म्हणजे देवघेव विभाग आणि वाचनकक्ष यांच्या वेळा वेगळ्या करणे. देवघेव, म्हणजे पुस्तके घरी देण्या-घेण्याचे काम, यासाठी जाणकार सेवक लागतो. ते रोज तीन तास पुरते. वाचनकक्षासाठी जबाबदार देखरेख पुरते आणि तो आणखी तीन-चार तास चालू राहू शकतो, बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत रात्री नऊपर्यंतही. या जादा तासांत निवृत्त शिक्षक व माजी सैनिक यांची स्वयंसेवा मोलाची ठरते, आणि तेलीबागेत अशा शिस्तीच्या माणसांची उणीव नाही. परंतु स्वयंसेवकांनी मूळ तासांत भर घालावी, मूळ तास त्यांच्यावर सोपवू नयेत. ब्रिटनमध्ये 2010 नंतरच्या काटकसरीच्या काळात अनेक ग्रंथालये पगारी सेवकांकडून काढून स्वयंसेवकांच्या हाती देण्यात आली, आणि फुकट चालते असे दिसल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा पैसा मागणे कठीण झाले. संध्याकाळच्या तासांना आणखी एक बाजू आहे : दाराबाहेरचा दिवा, रस्त्यावरचा उजेड आणि स्वच्छ, आतून कडी असलेले शौचालय नसेल तर सात ते नऊ या वेळा कागदावर सर्वांच्या आणि प्रत्यक्षात फक्त पुरुषांच्या राहतात. मुली व स्त्रिया यांची नोंद वहीत कमी दिसली, तर वाचनाची आवड कमी असा निष्कर्ष काढण्यापूर्वी या तीन गोष्टी तपासाव्यात.

शासनाकडे मागणी करताना आधी माहिती मिळवावी. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि त्या अर्जात मोघम प्रश्न न विचारता चार नेमके प्रश्न विचारावेत : शहरातील शासकीय व महापालिकेच्या ग्रंथालयांत मंजूर पदे किती व रिक्त किती, गेल्या तीन आर्थिक वर्षांत वेतनावर आणि ग्रंथखरेदीवर स्वतंत्रपणे खर्च किती, गेल्या वर्षी प्रत्यक्ष उघडे राहिलेले दिवस व तास किती, आणि नव्या वसाहतींत शाखा उघडण्याचा ठराव झाला आहे काय. रिक्त पदांची संख्या आणि बंद तासांची संख्या शेजारीशेजारी मांडली की निवेदनाला वेगळ्या युक्तिवादाची गरज राहत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चपर्यंत आकाराला येते, म्हणून नगरसेवकाकडे निवेदन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच द्यावे. एप्रिलमध्ये दिलेल्या निवेदनाला पुढच्या वर्षीची वाट पाहावी लागते. निवेदनात इमारत मागू नये. आधीच मिळालेली खोली, तीन महिन्यांची तासवार वाचकनोंद, एका तासाची काढलेली किंमत, रहिवाशांनी भरलेला एक वाटा आणि उरलेल्या दोन वाट्यांची मागणी, एवढेच एका पानावर हिंदीत लिहून, वहीची प्रत जोडून, त्याची पोच घ्यावी.